दांडिया बाजारातलं जर्सी प्रिंटिंगचं दुकान, काम एकदम चोख
बडोद्यात जर्सीवर सगळ्यांना कोहली नाहीतर मेस्सी हवा असतो, मला भाच्यासाठी पाठीवर भारताचा फुटबॉलपटू रेनेडी सिंग पाहिजे होतं. इथल्या काकांनी स्पेलिंग कागदावर लिहून घेतलं, स्क्रीनवर दाखवलं आणि मगच हीट प्रेस चालू केलं. अक्षरांच्या कडा साफ आल्यात, धुतल्यावरही कुठे निघाल्या नाहीत. कॉलर मात्र जरा ढिली वाटते. रेट वाजवी.

संध्याकाळी गर्दी असते, थांबावं लागतं, तर तेवढ्यात मी काकांना २००९ ची नेहरू कप फुटबॉल स्पर्धेची फायनल सांगितली, दिल्लीत, समोर सीरिया, एक्स्ट्रा टाइममध्ये ११४ व्या मिनिटाला आपल्या मणिपूरच्या या मिडफिल्डरची फ्री किक थेट जाळ्यात, मग सीरियाने अगदी शेवटी बरोबरी केली आणि आपण पेनल्टीवर ५-४ ने जिंकलो, आपला गोलकीपर सुब्रत पॉल काय खेळला राव! रेनेडी मोहन बागान, ईस्ट बंगाल दोन्ही क्लबकडून खेळला, २०११ च्या एशियन कपलाही टीममध्ये होता, पण फ्री किक म्हटलं की माझ्यासाठी आजही तोच.

काकांनी सगळं मन लावून ऐकलं. नंबर मोठा हवा असेल तर आधीच सांगा, नाहीतर मिडियम साइजचा टाकतात.