28 वॅटचा पंखा, फोंड्यातल्या उकाड्यात

सासूबाईंच्या खोलीतला पंखा जानेवारीतल्या थोड्या रात्री सोडल्या तर बंद असा नसतोच. वीज वाचवायची तर सुरुवात तिथूनच, म्हणून फोंड्याच्या बाजारातून बीएलडीसी, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणाऱ्या कमी विजेच्या मोटरचा पंखा आणला. किंमत 2,900 रुपये. साधा 1,700 ला होता आणि दुकानदार तोच पुढे करत होता. ‘‘बाई, हा बिघडला तर कोणीही दुरुस्त करतो,’’ म्हणाला.

वाऱ्याबद्दल तक्रार नाही. जुना पंखा फुल्लवर 75 वॅट घ्यायचा, हा 28 घेतो. साध्या मोटरमध्ये निम्म्याहून जास्त वीज नुसती उष्णता होऊन जाते. जुन्याच्या मोटरला हात लावला तर चटका बसायचा, हा तासन्‌तास फिरूनही जेमतेम कोमट. संध्याकाळी वाड्यावर व्होल्टेज पडलं की जुना रेंगाळायचा, याची गती तसूभर ढळत नाही. पावसात माडाचं चुडत तारांवर पडून वीज गेली तर इन्व्हर्टरवर हा दुपटीपेक्षा जास्त वेळ चालतो. मला विचाराल तर गोव्यात घ्यायला हे एकच कारण पुरे.

भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र काढून टाकावा लागतो, वेग रिमोटनेच बदलायचा. हे सासूबाईंना अजिबात पटलं नाही. रिमोट उशीखाली जायचा, मग शोधाशोध. शेवटी नाडी बांधून खाटेच्या दांड्याला टांगला. पंख्याच्या पोटातला निळा दिवा रात्रभर डोळ्यांवर यायचा, त्यावर वायरमनने काळी टेप चिकटवली. पंखा बनवणाऱ्याने स्वतः कधी त्याच्याखाली झोपून बघावं!

खरी अडचण दुरुस्तीची. एकदा वीज गेली आणि परत आली ती चढ्या दाबाने, आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळलं. साध्या पंख्याचा कपॅसिटर आमचा मेकॅनिक उभ्या उभ्या बदलतो, हे कार्ड कंपनीकडूनच यावं लागतं. चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) बिघडलेला पंखा चवथ उलटून गेल्यावर सुरू झाला. वॉरंटीमुळे पैसे पडले नाहीत, पण माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताच्या) धांदलीत सासूबाईंनी टेबल फॅनवर दिवस काढले आणि रोज मला ऐकवलं.

तरी बाकीच्या खोल्यांतही हळूहळू हाच लावणार आहे. कारण हिशेब साधा आहे. दिवसाला 16 तास धरले तर एका पंख्यामागे रोज पाऊण युनिट वाचतं, वर्षाचे 300 दिवस धरून 225 युनिट. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका पंख्याचे दीडशे किलो. गोव्यात मोठं वीजकेंद्र नाही. आपली बरीचशी वीज कोरबा, विंध्याचलसारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते. जास्त वीज आणायची म्हणून तमनार प्रकल्पाची 400 केव्ही (अतिउच्च दाबाची) वाहिनी ठरली आणि गोव्यातल्या मोलेच्या जंगलावरून आंदोलन पेटलं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने जंगलात नवी पट्टी न तोडता जुन्या 220 केव्ही वाहिनीच्या मार्गाने जा, असं सुचवलं. मोलेसाठी फलक धरणाऱ्यांनी (मीही त्यांतलीच) आपल्या छताकडेही बघायला काय हरकत आहे?

एका पंख्याने तापमान उतरत नाही, हे मला कळतं. मार्च 2023 मध्ये उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यामुळे शाळा दुपारी 12 च्या आत सोडल्या होत्या, आणि घामाने भिजलेली पोरं मी वर्गात बघितली आहेत. भाच्याने तर दीड टनाचा एसी घेतला. रात्रभर 20 वर चालवला की माझी आठवड्याची बचत एका झोपेत संपते. त्याला म्हटलं, अरे, 26 वर ठेव आणि वर पंखा लाव. आता तसं करतो म्हणतो.

पाचपैकी साडेतीन, कापलेल्या दीडातला अर्धा गुण निळ्या दिव्यासाठी. घेताना बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) तारांकनाचं लेबल बघा, 2023 पासून ते छताच्या पंख्यांना सक्तीचं आहे. आणि कार्ड गेलं तर किती दिवसांत मिळेल, हे पैसे देण्याआधी विचारा. दुकानदार चाचरला तर दुसरं दुकान बघा.