खाडीतला पारा: गाळाला चिकटलेला की पाण्यात विरघळलेला?
पुण्यात कुठली आलीय खाडी, पण गणेश पेठेत सुरमई घेताना पाऱ्याचा विषय निघतोच. तर खाडीचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या, फिल्टरमधून गाळलं की वर जो तपकिरी थर राहतो त्यातला पारा गाळाला चिकटलेला, आणि खाली गेला तो विरघळलेला, असं म्हणतात हां, कारण तोही मोकळा नसतोच, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेल्या ह्युमिक पदार्थांमधल्या गंधकाला घट्ट धरून असतो, पुढे खारटपणा वाढला की मिठातलं क्लोराईडही वाटा मागतं. गढूळ खाडीत सहसा पहिला, म्हणजे गाळाला चिकटलेलाच जास्त. तो तळाशी बसतो म्हणून लोक निवांत, मला मात्र त्याचीच धास्ती, कारण ऑक्सिजन नसलेल्या चिखलात जिवाणू त्यातल्याच थोड्याचा मिथाइल पारा, म्हणजे शरीरात साठत जाणारं पाऱ्याचं विषारी रूप, करतात आणि तो छोट्या जिवांतून मोठ्या माशांत चढत चढत सुरमईपर्यंत पोचतो.