मार्कडाउनमधून वर्ड, की थेट पीडीएफ?

साध्या मजकूर-फाइलीत हॅश टाकून शीर्षक आणि ताऱ्यांमध्ये ठळक शब्द, अशी मार्कडाउनमध्ये लिहायची सवय लागली की हात सुटतो. घोळ होतो तो फाइल सजवून बाहेर काढताना. मराठीत जरा जास्तच, कारण आयते साचे बहुतेक रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेले. साधन निवडताना मी आधी एवढंच बघतो, की ही फाइल माझ्यानंतर कोणाच्या हातात जाणार आहे.

मुद्रितशोधक, संपादक किंवा मंडळाचे चिटणीस तिच्यात फेरफार करणार असतील तर वर्डला पर्याय नाही. बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली आणलेलं पॅन्डॉक हे रूपांतराचं साधन मार्कडाउनची वर्ड फाइल एका आज्ञेत करून देतं, फुकटात. तळटीपा वर्डच्या खऱ्या तळटीपा होऊन येतात, शीर्षकांवरून अनुक्रमणिका तयार होते. रूप ठरतं ते नमुना फाइलीवरून: एका वर्ड फाइलीत शैली बसवून ठेवायच्या आणि दर वेळी पॅन्डॉकला तीच दाखवायची.

गिरगावातल्या आमच्या चाळीची स्मरणिका करताना मी इथेच अडकलो. १९६४ साली बंद पडलेल्या ट्रामवर एक लेख होता. शीर्षकाची शैली अठरा पॉइंट केली, फाइल पुन्हा काढली. रोमन लिपीतलं ‘बेस्ट’ टम्म फुगलं आणि शेजारचे मराठी शब्द होते तेवढेच! अर्धी रात्र पॅन्डॉकला शिव्या घातल्या. दोष त्याचा नव्हताच. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतं आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगळा नोंदवतं. शैली बदलताना फॉन्टच्या चौकटीत तो दुसरा कप्पाही भरावा लागतो. नमुना फाइलीत एकदा भरला की कायमची कटकट मिटते. लिब्रेऑफिसमध्येही असाच वेगळा कप्पा आहे.

फाइल डीटीपीवाल्याकडे जाणार असेल तर आधी फोन करून विचारा, “युनिकोड घेता ना?” आमच्याकडच्याने मजकूर युनिकोड न समजणाऱ्या जुन्या फॉन्टात ओतला आणि पानभर कचरा पाठवला. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्येही आपल्या लिपीची अक्षरं नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसला की जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भरकटतात.

कोणी हात लावणार नसेल तर पीडीएफ. त्याचे दोन रस्ते.

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा रस्ता लांबचा, पण प्रबंध, सूत्रं, पानोपानी तळटीपा असतील तर तोच धरा. फक्त पॅन्डॉक आपणहून वापरतं ते लाटेकचं इंजिन देवनागरी पाहून चूक झाल्याचा संदेश देतं आणि थांबतं. युनिकोड समजणारं झीलाटेक हे इंजिन निवडलं पण फॉन्ट सांगितला नाही, तर आणखी गंमत: पीडीएफ तयार होते आणि मराठीच्या जागी कोरी पानं. फॉन्ट आणि लिपी दोन्ही सांगा. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ फुकट आहे आणि पुस्तकी मजकुराला शोभतो. पहिली चाचणी ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ असे शब्द टाकून घ्या. अर्धा र नीट बसला तर पुढे जा.

स्मरणिका, अहवाल, निमंत्रणपत्रिका यांच्यासाठी मला एचटीएमएलचा, म्हणजे आधी वेबपान करून त्याची पीडीएफ काढायचा रस्ता बरा वाटतो. सजावट सीएसएस या वेबपानाच्या शैलीभाषेत, फॉन्ट मुंबईच्याच एक टाइपचा ‘मुक्त’. समास, पानांचे क्रमांक, वरची पट्टी सगळं वीझीप्रिंट हे वेबपानाची पीडीएफ करणारं साधन सांभाळतं. नुसत्या ब्राउझरच्या प्रिंटनेही भागतं, पण हेडर-फूटरची खूण काढायला विसरू नका. नाहीतर सोसायटीच्या अहवालाच्या तळाशी तुमच्या डेस्कटॉपचा पत्ता छापला जाईल.

टाइप्स्ट हे लाटेकसारखंच अक्षरजुळणीचं साधनही बघण्यासारखं आहे. २०२३ मध्ये खुलं झालं, लाटेकपेक्षा कितीतरी चपळ, चुकांचे संदेश माणसाला कळतील असे. पण पुरवण्या अजून कमी, आणि प्रबंधाचा साचा लाटेकमध्येच मिळणार असेल तर टाइप्स्टचा मोह नको.

रस्ता कुठलाही घ्या, मूळ मजकूर-फाइल जपून ठेवा. पीडीएफमधून मराठी कॉपी करून पाहा एकदा: ऱ्हस्व वेलांटी एकीकडे, अक्षर भलतीकडे. आमच्या स्मरणिकेची पुढची आवृत्ती त्याच जुन्या फाइलीवरून निघते आहे.