पासपोर्टवरचा ०१ आणि न पाहिलेलं सारायेव्हो

२९ वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. पहिल्या महायुद्धाचा धडा आला की फळ्यावर आधी तारीख लिहायची, २८ जून १९१४. मग गाव लिहायचं, साराजेव्हो. तिथली माणसं सारायेव्हो म्हणतात हे मला निवृत्तीनंतर कळलं. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड, त्याची पत्नी सोफी, लॅटिन पुलाजवळचा तो कोपरा, चुकीच्या रस्त्याला वळलेली मोटार आणि त्या दोघांना गोळ्या घालणारा गाव्रिलो प्रिन्सिप. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा त्या तासाला गप्प असायची. त्या कोपऱ्यावर एकदा उभं राहायचं, ही माझी फार जुनी इच्छा. त्यापायी मे २०२५ मध्ये आम्ही दोघं बाल्कनच्या बस सहलीला गेलो आणि सारायेव्हो न बघताच परत आलो. नुसते परत आलो असतो तरी मन समजावलं असतं. आम्हाला तिकडे न्यायचंच नाही, हे आमच्याकडून पैसे घेतानाच ठरलेलं होतं. ते कसं कळलं, हे सगळं सांगते. सहल कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

आम्ही कराडचे. गावातल्याच एका हॉलमध्ये कंपनीनं मेळावा ठेवला होता. साबुदाणावडे, चहा, पडद्यावर निळ्या समुद्राचे फोटो. बोलणारा माणूस प्रत्येकाला काका, काकू म्हणत होता आणि कोणाला गुडघेदुखी आहे, कोणाला बिनकांद्याचं लागतं, हे वहीत टिपून घेत होता. "पाच देश, अकरा दिवस, रोज रात्री आपलं वरण-भात." स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया, माँटेनेग्रो, आणि एक दिवस अल्बानियातलं श्कोडर. छापील कार्यक्रमात बोस्नियातला मोस्टारचा जुना पूल होता, तिथल्याच सारायेव्होला दोन रात्री होत्या, माँटेनेग्रोतल्या बुद्वाला दोन. माणशी २,६०,००० रुपये, त्यावर जीएसटी १३,००० आणि टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आपल्याकडून गोळा करून सरकारकडे भरायचा कर, १३,६५०. टीसीएसची रक्कम तेवढी रोख मागितली. "सरकारी भरणा वेगळा करावा लागतो," असं कारण दिलं. मार्च संपायच्या आत आम्ही सगळे पैसे चुकते केले. त्या रोख रकमेकडे नंतर येते.

व्हिसाचे कागद कंपनीनंच भरले. मुंबईच्या व्हिसा केंद्राच्या दारात त्यांच्या मुलानं फायली हातात ठेवल्या, "इथे, इथे आणि इथे सही" म्हणाला, आणि आम्ही सह्या केल्या. आयुष्यभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' सांगणारी मी, पण त्या दिवशी एकही पान वाचलं नाही. हा माझा दोष, तो मी लपवत नाही. पासपोर्ट परत आले तेही कंपनीकडेच, आणि आमच्या हातात पडले थेट मुंबईच्या विमानतळावर, रात्रीच्या गडबडीत. व्हिसा लागलाय एवढं बघितलं. क्रोएशियात झाग्रेबला उतरल्यावर टूर मॅनेजरनं ते पुन्हा गोळा केले. "हरवले तर पंचाईत होईल, माझ्याकडे कुलपात राहू द्या." चौतीस जणांचे चौतीस पासपोर्ट.

पहिले दिवस छान गेले, हे खोटं कशाला सांगू. स्लोव्हेनियात ब्लेडच्या तळ्यातलं बेट, चर्चच्या त्या ९९ पायऱ्या आमच्या ह्यांनी दम खात खात चढल्या. पोस्टोयनाच्या गुहेत छोट्या आगगाडीतून आत नेतात, तिथला गारवा आणि छतापासून लोंबणारे चुन्याचे खांब अजून डोळ्यांपुढे आहेत.

पहिला खडा क्रोएशियातल्या प्लिट्विसला लागला. हे सोळा तळ्यांचं राष्ट्रीय उद्यान १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. एका तळ्याचं पाणी धबधब्यानं दुसऱ्यात उतरतं आणि त्यावरून लाकडी फळ्यांच्या वाटा नेल्या आहेत. ते नीट बघायचं तर चार-पाच तास हवेत. आमची बस एका कठड्यापाशी थांबली, वीस मिनिटं फोटो काढायला दिली, आणि लगेच चला म्हणाले. कार्यक्रमपत्रिकेत 'प्लिट्विस तलाव दर्शन' असं छापलं होतं. आत जायचं तिकीट आमच्या पैशात धरलेलंच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक ओळ वाचायला लागले. जिथे 'प्रवेशासह' असं लिहिलं होतं तिथे आत नेलं, जिथे 'दर्शन' होतं तिथे काचेतून दाखवलं. पुढे दुब्रोव्हनिकच्या तटावरही हेच झालं. तट जवळजवळ दोन किलोमीटरचा, वर फिरायचं तिकीट तेव्हा ४० युरो, आणि आम्ही खालून माना वर करून बघितला. पैसे भरण्याआधी पत्रिकेतल्या प्रत्येक ठिकाणापुढे 'तिकीट कोण काढणार' हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पाचव्या दिवशी सकाळी मोस्टारला निघालो. मी पहाटेच उठले होते. हा पूल १५६६ सालचा, ऑटोमन काळातला, एकाच कमानीचा. ९ नोव्हेंबर १९९३ ला युद्धात तोफगोळ्यांनी तो नेरेट्वा नदीत पडला आणि २००४ मध्ये तसाच पुन्हा बांधला. बसमध्ये मी बायकांना हे सांगत होते. बोस्नियाची हद्द आणखी पुढे असताना बस एका पेट्रोल पंपावर थांबली. तिकडे ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती कायद्यानं घ्यावीच लागते, त्याची नोंद गाडीतल्या यंत्रात होते. त्या पाऊण तासात मॅनेजर पासपोर्टची बॅग घेऊन कुठेतरी गेला. परत आला तो चेहरा पाडून.

"वकिलातीनं या वेळी सगळ्यांना सिंगल एन्ट्री दिलीय. बॉर्डरवर फोन केला होता. आत घेणार नाहीत. माझ्या हातात काही नाही, काका."

याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता, आता पाठ झालाय. स्लोव्हेनिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांच्या गटात, २००७ पासून आहे, क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून. या दोन देशांत एकाच व्हिसावर कितीही इकडून तिकडे जा, मधे कोणी अडवत नाही. बोस्निया, माँटेनेग्रो आणि अल्बानिया शेंगेनच्या बाहेर आहेत. तिकडे पाऊल टाकलं की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि दुब्रोव्हनिकला म्हणजे क्रोएशियात परत यायचं तर दुसरा प्रवेश लागतो. शिवाय बोस्निया आपल्याला वेगळा व्हिसा न मागता आत घेतो, पण हातातला शेंगेन व्हिसा बहुप्रवेशाचा असला तरच. हे सगळं व्हिसाच्या चिकटपट्टीवर एका छोट्या रकान्यात लिहिलेलं असतं. तिथे ०१ असेल तर एकच प्रवेश, ०२ असेल तर दोन, आणि एमयूएलटी अशी रोमन अक्षरं असतील तर अनेक. आमच्यावर ०१ होता. पासपोर्ट माझ्याजवळ असता तर हा आकडा मी आधीच बघितला असता, निदान विचारलं तरी असतं. त्यांनी कुलपाचं कारण का काढलं, ते मला त्या पंपावर उमगलं नाही.

मॅनेजरनं तिथेच उपाय सांगितला. पुढच्या चार रात्रींसाठी क्रोएशियातच नवी हॉटेलं ऐन वेळी घ्यावी लागतील, माणशी १८० युरो द्या. बोस्नियाचे आणि माँटेनेग्रोचे पैसे परत आल्यावर कंपनी देईल. परक्या देशात, रस्त्याच्या कडेला, बरोबर सत्तरीची माणसं. कोण भांडणार? आम्ही दोघांचे ३६० युरो मोजून दिले. कोल्हापूरच्या एका आजींनी नातवाच्या खेळण्यासाठी बाजूला बांधून ठेवलेल्या रुमालातून पैसे काढले, ते मला विसरता येत नाही.

बस मागे वळून मकार्स्काला आली. समुद्रकाठचं देखणं गाव, पाठीशी बियोकोवोचा उघडा खडकाळ डोंगर. त्याच्या पलीकडे हर्झेगोविना, म्हणजे बोस्नियाचाच दक्षिणेकडचा, मोस्टारचा भाग. मी संध्याकाळभर त्या डोंगराकडे बघत बसले.

तिथेच दोन गोष्टी घडल्या. रात्री ड्रायव्हर बसजवळ सिगारेट ओढत होता. आमचे हे त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, तुमचाही मार्ग बदलला, त्रास झाला असेल. त्यानं खांदे उडवले आणि त्याच्या बस कंपनीनं दिलेला कागद दाखवला. त्यावर मुक्कामांची नावं ओळीनं होती. झाग्रेब, ल्युब्लियाना, प्लिट्विस, मकार्स्का, दुब्रोव्हनिक. मोस्टार नव्हतं, सारायेव्हो नव्हतं, बुद्वा नव्हतं. कागद दहा दिवसांपूर्वीचा.

सकाळी मी हॉटेलच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीला म्हटलं, काल दुपारी अचानक चौतीस जणांची सोय केलीत, आभारी आहे. ती गोंधळली. म्हणाली, अचानक कशी, तुमचं आरक्षण फेब्रुवारीपासून आहे. तिनं आमच्या ग्रुपच्या आरक्षणाचा कागद समोर ठेवला, मी त्याचा फोटो घेतला. खाली तारीख होती. आम्ही व्हिसासाठी मुंबईला गेलो त्याच्या तीन आठवडे आधीची.

मॅनेजरला विचारलं तेव्हा तो आधी "गैरसमज झालाय" म्हणाला, मग त्यानं दोन दिवस आमच्याशी बोलणंच सोडलं. ग्रुपमध्येही दोन तट पडले. काहींचं म्हणणं, आता आलोय तर मजा करू, वातावरण कशाला बिघडवता. मला त्यांचा राग आला नाही, पण एकटं वाटलं.

दुब्रोव्हनिकला जाताना पेल्येशाचचा मोठा पूल लागतो, सुमारे २.४ किलोमीटर लांब, जुलै २०२२ मध्ये खुला झालेला. बोस्नियाची एक चिंचोळी पट्टी नेउमपाशी समुद्राला भिडते आणि क्रोएशियाचे दोन तुकडे करते. पूल नव्हता तेव्हा दुब्रोव्हनिकला रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला त्या पट्टीतून, म्हणजे दोनदा हद्द ओलांडून जावं लागायचं. आता पुलावरून क्रोएशियातूनच क्रोएशियात जाता येतं. म्हणूनच ०१ च्या व्हिसावर आम्हाला दुब्रोव्हनिकपर्यंत बिनबोभाट नेता आलं. आखणाऱ्यानं नकाशा नीट बघून आखलं होतं.

घरी आल्यावर आठवडाभर मी काही उघडलं नाही. मग व्हिसाबरोबर परत आलेलं तपकिरी पाकीट काढलं. मुंबईच्या विमानतळावर पासपोर्टबरोबर दिलं होतं, मी ते तसंच बॅगेच्या तळाशी टाकलं होतं. आत आमच्या नावानं वकिलातीला लिहिलेलं पत्र होतं, खाली ह्यांची सही. 'आम्ही क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया हे दोन देश पाहू इच्छितो.' अर्जाच्या प्रतीत किती प्रवेश हवेत, या प्रश्नापुढे 'एक' वर खूण. वकिलातीनं कमी दिलं नव्हतं. आमच्या सहीनं एकच मागितला होता. हॉलमध्ये आम्हाला एक पत्रिका दाखवली आणि वकिलातीला दुसरी.

आणि ते टीसीएस. परदेश सहलीच्या पॅकेजवर विक्रेत्यानं हा कर गोळा करून आपल्या पॅन क्रमांकावर सरकारकडे भरायचा असतो. तो आयकर खात्याच्या फॉर्म २६एएस मध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना आपल्या करातून वजा होतो किंवा परत मिळतो. जुलैमध्ये आमच्या सीएनी दोघांचा फॉर्म उघडला. एक रुपयाही जमा नव्हता. २७,३०० रुपये रोख घेतले होते आणि पावतीवर फक्त 'इतर' असं लिहिलं होतं. परदेश सहल केलेल्या प्रत्येकानं हा फॉर्म एकदा उघडून बघा. सहलीत काहीच बिनसलं नसलं तरी बघा, कारण हे पैसे गेल्याचं कळतच नाही. आमच्या ग्रुपमधल्या नऊ जणांनी माझ्या सांगण्यावरून बघितलं, नऊ जणांचाही रकाना रिकामा.

कंपनीला नोटीस पाठवली. उत्तर आलं की 'अपरिहार्य परिस्थितीत मार्ग बदलण्याचा अधिकार' आमच्या अटींत आहे. अट खरंच आहे, चौथ्या पानावर. पण फेब्रुवारीत केलेलं आरक्षण मे महिन्यातली अपरिहार्य परिस्थिती कशी होईल, याचं उत्तर त्यात नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी हेलपाटे नकोत. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आमची त्याहून थोडी जास्त म्हणून २०० रुपये भरले. मुदत दोन वर्षांची असते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आतापर्यंत अकरा जण आमच्याबरोबर आहेत. बाकीच्यांना फोन करते तेव्हा ऐकू येतं, "काकू, जाऊ द्या ना." वकिलांनी सांगितलंय की आपली खरी ताकद तीन कागदांत आहे. हॉलमध्ये वाटलेली पत्रिका, हॉटेलच्या आरक्षणाचा तारखेसह फोटो, आणि ते तपकिरी पाकीट. पत्रिका बहुतेकांनी जपली आहे, फोटो मी सगळ्यांना पाठवलाय. पाकीट मात्र अकरापैकी चौघांकडेच निघालं. उरलेल्यांनी विमानतळावरच कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. तुम्ही कुठल्याही कंपनीबरोबर, कुठल्याही देशात जाऊन आला असाल आणि तसं पाकीट घरात असेल तर ते आज उघडा, त्यातलं पत्र वाचा, आणि खालची सही तुमचीच आहे का ते बघा.