सीएस५०पी: पुण्यातल्या नोकरदारांसाठी पायथॉनचा उत्तम कोर्स

शनिवारी हिंजवडीहून डेक्कनपर्यंत क्लासला जाणं ज्यांना जमत नाही, त्यांनी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारा हार्वर्डचा हा मोफत ऑनलाइन कोर्स जरूर करावा. डेव्हिड मलान शिकवतात झकास, पण खरी कमाई गृहपाठात आहे. नऊ सराव संच आणि शेवटी स्वतःचा प्रकल्प. प्रत्येकात किमान ७० टक्के मिळाले की मोफत प्रमाणपत्र. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र मात्र पैसे भरून.

उत्तर चेक५० हे कोर्सचं स्वयंचलित साधन तपासतं आणि ते फार काटेकोर आहे. एक जादा स्पेस किंवा पूर्णविराम राहिला तरी लाल खूण. त्यामुळे प्रश्नातला नमुना अक्षर न् अक्षर जुळवा.

प्रकल्पाला मेन हे मुख्य फंक्शन सोडून आणखी किमान तीन फंक्शन्स (ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे) आणि पायटेस्ट या कोड तपासायच्या साधनाच्या चाचण्या लागतात. कुटुंबाच्या क्रूझची डायरी छान विषय आहे: तारीख, बंदर, खर्च, नोंद असे सीएसव्हीचे (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी फाइल) चार रकाने. नोंदी मराठीत ठेवणार असाल तर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ लिहाच. विंडोज लॅपटॉपवर ते राहिलं की देवनागरी लिहितानाच बहुधा यूनिकोडएन्कोडएरर हा दोष येऊन प्रोग्राम थांबतो, कारण तिथलं नेहमीचं एन्कोडिंग वेगळं असतं. नोंदीत स्वल्पविराम येणारच, म्हणून स्प्लिटने (प्रत्येक स्वल्पविरामावर) ओळ तोडू नका, पायथॉनमधला सीएसव्ही वाचणारा डिक्टरीडर वापरा.

कोर्सचा एडिटर ब्राउझरमध्ये चालतो, म्हणजे भर समुद्रात इंटरनेट नसेल तर निरुपयोगी. क्रूझवर अभ्यास करायचा असेल तर पायथॉन आणि व्हिडिओ पुण्यातूनच उतरवून घ्या.