लेदर पॅडल घेतलं: वस्तू बरी, सोबतची माहिती शून्य

बेडरूममध्ये, एकमेकांच्या मर्जीने, फटके मारायचं हे पॅडल तीन महिने वापरून लिहितेय. आम्ही नवराबायको, दोघंही चाळिशीकडे झुकलेले, आणि हे मला हवं होतं, त्याला नाही. तो दोन वर्षं 'अगं लागेल तुला' वरच अडकून होता.

पॅकिंगला पैकीच्या पैकी. साधा खाकी बॉक्स, सासूबाईंनी घेतला आणि कपाटावर ठेवून दिला, आत काय म्हणून विचारलंही नाही. पॅडल फूटभर लांब, चार बोटं रुंद, चामडं दुपदरी. मूठ छान आहे पण एका बाजूची शिवण वर आलीये, टोचते, आणि काळा रंग पहिल्याच वेळी घामाने सुटून चादरीला लागला. आवाज मोठा होतो, लागतं त्यामानाने कमी, नुसतं चुरचुरतं. लाकडी घेऊ नका सुरुवातीला, ते आतपर्यंत ठणकतं. (फ्लॅटच्या भिंती पातळ असतील तर टीव्ही लावा.)

खरी तक्रार वेगळी आहे. बॉक्समध्ये बदाम काढलेलं एक गुलाबी कार्ड निघालं, बास. कुठे मारायचं नाही हे कुठेच नाही! कंबरेवर नाही, मागे किडनी असतात, मणक्यावर आणि माकडहाडावर तर नाहीच, फक्त खालचा मांसल भाग, तोही आधी हाताने हळूहळू. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर साध्या फटक्यानेही काळंनिळं होतं, आणि दारू पिऊन अजिबात नाही. वात्स्यायनाने कामसूत्रात प्रहणनावर, म्हणजे प्रणयातल्या फटक्यांवर, लिहिलंय, आणि तिथेच नावं घेऊन सांगितलंय की चोल राजाच्या हातून गणिका चित्रसेना जीवानिशी गेली आणि कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाच्या हातून राणी मलयवती. सातवाहन म्हणजे आपले पैठणवाले. इतक्या जुन्या माणसाला धोका लिहावासा वाटला आणि हे लोक बदाम छापतात.

थांबायचा शब्द आधी ठरवा. मी 'नको' लाडातही म्हणते, त्यामुळे तो उपयोगाचा नाही, आम्ही सिग्नलचे रंग घेतले, हिरवा चालू दे, पिवळा जरा हळू, लाल म्हणजे जागच्या जागी बंद. पुण्यात सिग्नल कोण पाळतं म्हणून हसलो होतो, पण एकदा पायात गोळा आला म्हणून मी पिवळा म्हटलं तर हा पॅडल टाकून पाणी आणायला धावला.

आणि लाल मीच म्हणेन असं वाटलेलं, पण पहिल्यांदा म्हणाला तो. दुसऱ्याच वेळी. हातात पॅडल धरून गप्प उभा राहिला आणि म्हणाला, लाल, मला शाळेतले सर आठवले. सहावीत गणिताला रोज छडी खायचा, हे बारा वर्षांच्या संसारात मला माहीतच नव्हतं. पॅडल ठेवलं, चहा केला, रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसलो, पुढचे तीन आठवडे विषयही नाही. मग त्यानेच काढला.

एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, अगं हा तर घरगुती हिंसाचार. तिला म्हटलं, तिथे बाई थांब म्हणते आणि कोणी थांबत नाही, इथे मी म्हटलं की थांबतं. पटलं की नाही माहीत नाही, विषय बदलला तिने. कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 मध्ये 18 वर्षांवरच्या माणसाच्या संमतीला जागा आहे, पण गंभीर दुखापत त्यात बसत नाही, आणि कलम 28 प्रमाणे भीतीपोटी दिलेला होकार हा होकार नाही, समोरच्याला ती भीती माहीत असेल तर. म्हणजे 'नवऱ्याला आवडतं म्हणून हो म्हटलं, नाहीतर चिडतो' असं असेल तर हे पॅडल तुमच्यासाठी नाही.

पाचात तीन स्टार. शिवण नीट केली आणि त्या बदामाच्या जागी एक पानभर मराठी सूचना टाकली तर चौथा देईन.