कोर्स भारी आहे, पण स्वतःचंच ऐकत नाही

माणूस कसा शिकतो आणि मशीन कसं शिकतं हे शेजारी-शेजारी ठेवून दाखवणारा एक ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पुढे थोडी खरडपट्टी आहे.

आधी चांगलं. दुसरा भाग एकट्यावर अख्खा कोर्स वसूल. त्यात रेस्कोर्ला-वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांचा १९७२ चा नियम आहे, म्हणजे काय तर जेवढा अंदाज चुकला तेवढंच शिकणं होतं. नुसतं सांगून सोडत नाहीत, वहीत करायला लावतात. बेल वाजली की खाऊ मिळतो, अपेक्षा शून्यापासून सुरू, प्रत्येक वेळी राहिलेल्या फरकाचा पाचवा हिस्सा मिळवायचा: ०.२, मग ०.३६, मग ०.४८८... वाढ कमी-कमी होत जाते ते आपल्याच हाताने दिसतं. आणि मग सांगतात की हेच गणित १९६० मध्येच विड्रो आणि हॉफ या इंजिनियर लोकांनी मशीनसाठी मांडलेलं, तेव्हा मी व्हिडिओ थांबवून वहीकडे बघत बसले! त्यालाच जोडून मेंदूशास्त्रज्ञ शुल्ट्झ यांचे माकडांवरचे डोपामिनचे (मेंदूतलं एक रसायन) प्रयोग येतात, ज्यूस अपेक्षित असताना मिळाला नाही की ते सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशींचं फायरिंग (विजेचे सिग्नल) खाली जातं, तेही मस्त समजावलंय.

विसरण्यावरचा भागही झकास. छोटं न्यूरल नेटवर्क (उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्रॅम) आधी ० ते ४ हे हाताने लिहिलेले आकडे ओळखायला शिकवायचं, मग फक्त ५ ते ९. नंतर ३ दाखवला तर पठ्ठ्या ५ नाहीतर ८ म्हणतो, पहिलं सगळं साफ! मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी १९८९ मध्ये दाखवलेली भानगड हीच. मग जुन्यातले थोडे आकडे नव्यात मिसळले की गाडी बरीच रुळावर येते, आणि तिथून झोपेत मेंदू दिवसभरातलं परत घोळवतो त्या विषयावर नेतात.

आता रड. ब्लूम आणि वायगॉट्स्की ही शिक्षण-मानसशास्त्रातली मोठी नावं दोन-दोन स्लाइडमध्ये उरकलेत. मुलांचा विचार कसा वाढतो ते अभ्यासणाऱ्या पियाजेला तर ओढूनताणून फाइन-ट्यूनिंगच्या (शिकलेल्या मॉडेलला एखाद्या कामासाठी आणखी थोडं शिकवणं) शेजारी बसवलंय, तक्ता छान दिसतो पण अर्थ काय? लहान मूल चुकलं तर स्वतःहून वेगळं काहीतरी करून बघतं, आणि चॅटबॉटचे वेट्स (शिकलेलं ज्यात साठतं ते आतले आकडे) गप्पा मारताना बदलतसुद्धा नाहीत. मला विचाराल तर हा फरकच जास्त इंटरेस्टिंग होता, पण साम्याच्या नादात तो कुठेतरी पाचव्या भागात अर्ध्या मिनिटात येऊन जातो.

सगळ्यात जास्त चिडचिड मात्र याची झाली की एबिंगहाउसवर (१८८५, विसरण्यावर स्वतःवरच प्रयोग केलेला माणूस, त्याच्यावर लेक्चर छान आहे) पाऊण तास बोलतात, काही दिवसांनी परत आठवून बघा म्हणजे पक्कं राहतं असं बजावतात आणि स्वतःची क्विझ व्हिडिओ संपल्या-संपल्या घेतात. कानात शब्द घुमत असताना बरोबर येणारच ना! आधीच्या भागातला एकही प्रश्न पुढे परत येत नाही.

गणिताची भीती असेल तरी घ्या, बेरीज-गुणाकार पुरतात. मी पाचपैकी साडेतीन देईन. क्विझमध्ये मला पैकीच्या पैकी पडले, आठवड्याने तीच परत सोडवून बघावी म्हटलं तर लॉक झालेली, एकदाच देता येते म्हणे.